दहानंतर दोन

सकाळी साडेआठला आप्पांचा फोन आला आणि सिद्धारामचा चहा बशीतच राहिला.

"सिद्धाराम, मी मेलो का बे?"

"न्हाई आप्पा! असं कावून बोलायलाव?"

"मग चौकातल्या फ्लेक्सवर मी खालच्या वळीत कसा? आन् दुसऱ्या नंबरला त्यो गहिनीनाथ कसा?"

सिद्धारामची पाचावर धारण बसली. धारूरमधल्या त्याच्या फ्लेक्सच्या दुकानाला बारा महिने काम पुरवायचे ते गावचे पुढारी अर्जुनराव, आणि आज अर्जुनरावांचाच वाढदिवस होता. फ्लेक्सवर वर गॉगल घातलेले अर्जुनराव आणि खाली एकोणीस शुभेच्छुकांची मुंडकी. कोणाचं मुंडकं कोणाच्या आधी, हे अर्जुनराव जातीनं सांगत आणि सिद्धाराम त्याच क्रमानं फोटोंच्या फायलींना एक ते एकोणीस आकडे देई. एक नंबर अर्जुनरावांच्या सौभाग्यवती वनमालावहिनी, दोन नंबर गटातले सगळ्यात जुने कार्यकर्ते आप्पा. सभेत सतरंज्या अंथरणारा गहिनीनाथ दहावा. दहा वर्षांत यात फरक पडला नव्हता.

पण गेल्या आठवड्यात सिद्धारामला सुखाचा जीव दुःखात घालायची हुक्की आली. त्याचा जुना कॉम्प्युटर फोटोंचं फोल्डर उघडताना धापा टाकायचा. मोबाइलवर त्यानं एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक गडी माउसला हातही न लावता, काळ्या खिडकीत नुसत्या कळा दाबून फायली इकडून तिकडे पळवत होता. टर्मिनलमधला फाइल मॅनेजर म्हणे! सिद्धारामनं तो लगेच घेतला आणि तीन दिवस खपून त्याला रंग दिले, कळा नेमून दिल्या. एक कळ तर अशी केली, की दाबली की सगळी मुंडकी फायलींच्या क्रमानं फ्लेक्सवर आपोआप चिकटत. फायली कशा लावायच्या, या सेटिंगला 'अक्षरक्रम' आणि 'नैसर्गिक' असे दोन पर्याय होते. नैसर्गिक हे त्याला साबणाच्या जाहिरातीसारखं वाटलं, म्हणून त्यानं अक्षरक्रम निवडला. छापण्याआधी अर्जुनरावांच्या मिशा तेवढ्या नीट पाहिल्या.

दहा वाजेपर्यंत गावात नुसता गोंधळ उडाला. गहिनीनाथच्या दारात हार घेऊन माणसं उभी राहिली. सतरा नंबरचा पंक्चरवाला आप्पांच्या वरच्या ओळीत बसला, म्हणून हवा भरायलाही नखरे करू लागला. आप्पांनी गट सोडायची भाषा केली. मग खुद्द अर्जुनरावांचा फोन आला.

"काय केलंस रे?"

"साहेब, मशीननं दहाला दोनच्या आधी घेतलं. माझी चूक न्हाई."

"दोन तासात नवा फ्लेक्स पायजे. न्हाईतर हितून पुढं मी बीडहून छापून आणतो."

सिद्धारामनं घाईघाईनं काळी खिडकी उघडली. एक, मग दहा, अकरा, थेट एकोणीस, आणि त्यानंतर दोन.

"ह्याला शाळेत कोणी घातलंतं का न्हाई?" तो ओरडला.

अंबाजोगाईला बीसीए केलेली त्याची बायको शिवांजली मागून डोकावली. "अवो, ते आकडा बघत न्हाई, अक्षर बघतंय. एकानं सुरू होणारे सगळे आधी. सेटिंगमध्ये नैसर्गिक करा."

"मला कळतंय!"

त्यानं सेटिंगच्या फाइलमध्ये नैसर्गिक लिहिलं. खिडकी उघडेचना. दिसेल त्या चार ओळी त्यानं खोडल्या, तेव्हा कुठं उघडली, पण नेमलेल्या कळा एकमेकींत मिसळून गेल्या. खाली जायची कळ दाबली तर वनमालावहिनी कचऱ्यात गेल्या.

"वहिनींना काढा आधी!" शिवांजली किंचाळली.

वहिनींना बाहेर काढलं. खोडलेल्या ओळी परत लिहिल्या, तर खिडकी पुन्हा बंद. सिद्धारामच्या नाकीनऊ आले.

"चौदाव्या ओळीत अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलंय," शिवांजली शांतपणे म्हणाली. "ते मघापासून लिहून सांगायलंय. तुमी वाचाल तर ना!"

चिन्ह बंद केलं. एकामागं दोन, दोनमागं तीन, सगळे शहाण्यासारखे ओळीत आले. सिद्धारामला अगदी गहिवरून आलं. नवा फ्लेक्स छापून तो धावतच चौकात पोचला.

जुन्या फ्लेक्सखाली अर्जुनराव खुर्ची टाकून हसत बसले होते. त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

"गुंडाळ ते."

"साहेब, आप्पा दुसऱ्या नंबरला केलेत!"

"म्हणून तर गुंडाळ. दहा वर्षं ह्या लोकांनी नंबरासाठी माझं डोकं खाल्लं. आज म्हणलो, मशीननं दहाला दोनच्या आधी घेतलं, माझ्या हातात काय न्हाई. सगळे गप! आप्पानं तर पाय धरले. पुढच्या आठवड्यातल्या सत्काराला बी मशीनच लावू दे."

सिद्धाराम सुटकेचा श्वास टाकून वळतो तोच चहाच्या टपरीमागून आप्पांनी त्याचा हात ओढला.

"पुढच्या फ्लेक्सला मला दहा नंबर दे."

"आप्पा, मशीन दुरुस्त झालं. आता दहा म्हंजे दहावाच."

"मला येडा समजतो का बे? सगळ्या गावाला म्हाईत झालंय, दहा म्हंजे दुसरा. का तू बी गहिनीनाथचाच माणूस हायस?"

समजावून उपयोग नव्हता. दुकानाशी आला, तर पायरीवर गहिनीनाथ घामाघूम बसलेला.

"भाऊ, सकाळपासून अख्खं गाव माझ्या नावावर चहा पिऊन गेलं. तीन जण पोराची नोकरी मागून गेले. मला दोन नंबर द्या, म्हंजे गुमान खालच्या वळीत जातो. लई उपकार होतील!"

सिद्धाराम आत येऊन खुर्चीत बसला. आकडे तर दोघांनी आपल्या तोंडानं मागून घेतलेले. दुरुस्ती तशीच ठेवली, तर आप्पा दहावा आणि गहिनीनाथ पुन्हा दुसरा. मग दोघंही दुकान फोडतील आणि अर्जुनराव बीड गाठतील. त्यानं मुकाट्यानं सेटिंगची फाइल उघडली आणि चौदाव्या ओळीतलं 'नैसर्गिक' एकेक अक्षर करून खोडून तिथं पुन्हा 'अक्षरक्रम' लिहिलं.

"अवो, कावून मोडायलाव? दोन तास लागले नीट करायला!"

"गप बस," सिद्धाराम म्हणाला, "बिघडल्याबिगर हे मशीन नीट चालत न्हाई."