दोन मिनिटांचा समुद्र

लग्नात दगाभाऊंनी रुपाला समुद्र दाखवायचं कबूल केलं, त्याला चौदा वर्षं झाली. मधल्या काळात त्यांनी तिला प्रकाशा गावची तापी दोनदा, धडगावचा घाट एकदा आणि साडूच्या मोठ्या टीव्हीवरचा समुद्र वाट्टेल तेव्हा दाखवला होता. (हे ते उपकार म्हणून सांगत.)

मग कोरीट गावी क्लार्क असलेल्या दगाभाऊंनी, फोटोच्या वेडापायी, एक लेन्स मागवली. समुद्रकिनाऱ्याच्या देखाव्यांसाठी खास! इतकी रुंद की अख्खं क्षितिज आत मावावं. पुढे लावायला एक काळीकुट्ट काचही होती. खोक्यावरच्या लाटा बघून रुपाने सरळ बॅग काढली.

"कव्हय निंघनं?"

"पहिले ट्रायल," दगाभाऊ पुटपुटले.

ट्रायल म्हणजे नवापूरकडचं, उकई धरणाचं मागे पसरलेलं पाणी. रुपा नवी साडी नेसून मोटरसायकलवरून उतरली. तिने पाणी बघितलं, काठावरच्या म्हशी बघितल्या.

"हाऊ समुद्र शे?"

"समुद्रनी प्रॅक्टिस शे."

ती नवऱ्याकडे पाठ करून खडकावर जाऊन बसली. दगाभाऊंनी कॅमेऱ्याची तिपाई रोवली. काळ्या काचेमुळे एका फोटोला दोन मिनिटं लागणार होती. बटन दाबून आपण बायकोशेजारी बसायचं, जोडीचा फोटो आला की राग जाईल, असा बेत.

"दोन मिनिट हालू नको!"

"चौदा वरीस बठनू, दोन मिनिटनं काय!"

बटन दाबून दगाभाऊ धावले. तिसऱ्याच पावलाला डावा पाय चिखलात गेला. पाय निघाला, चप्पल निघेना. तेवढ्यात एक म्हैस तिपाई हुंगायला आली. तिला हाकलायला ते उलटे पळाले. मग पुन्हा बायकोकडे, मग पुन्हा म्हशीकडे. शेवटी धापा टाकत रुपाजवळ पोचले, तेव्हा कॅमेरा क्लिक करून मोकळा झाला होता. रुपा मात्र रागाने पुतळ्यासारखी बसलेली होती.

स्क्रीन उजळला आणि दगाभाऊ त्यावर वाकले. लाटा विरून पाणी दुधाळ झालं होतं. पलीकडचा काठ धुक्यात गेला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं पाणी, वर लांबलचक ओढलेले ढग, आणि मधोमध एकटी रुपा. आपल्या हातून हे झालं, यावर त्यांचा विश्वासच बसेना.

जाळं आवरून आलेला योहान कोळी डोकावला आणि त्याने टोपी काढली. "मी रोज इथं मासे धरतो," तो हळूच म्हणाला. "हे पाणी मला असं कधी दिसलं नाही."

रुपा कितीतरी वेळ बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. "इतला मोठा राहस समुद्र?" तिने विचारलं. राग कुठल्या कुठे गेला होता. मग तिने बोटांनी फोटो मोठा केला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला.

"पन तुम्ही कोठे शेतस?"

दगाभाऊ नव्हतेच. दोन मिनिटांत जे जे हललं ते पुसलं गेलं, जे स्थिर ते उरलं. म्हैस गेली, दगाभाऊ गेले. पाणी, आभाळ, रुपा आणि चिखलातली डावी चप्पल तेवढी लख्ख आली होती.

घरच्या ग्रुपवर फोटो पडताच रुपाला सासूबाईंचा, तापीबाईंचा फोन आला. "बरं करं माय, समुद्र देखाले एकलीच गई!"

आता तो फोटो कोरीटच्या बैठकीत फ्रेम करून लावला आहे. पाहुणे हरखून विचारतात, "कोनी काढा?"

रुपा काचेवर बोट ठेवते. "ती चप्पल दिखस ना? तिना मालकनी काढा."