सर्जेतात्यांची डावी नडगी

रंकाळ्यावर सकाळी पळताना समोरून ओळखीचं माणूस आलं की सर्जेतात्या थांबायचे, खाली वाकायचे आणि म्हणायचे, "लेस सुटली वो." माणूस पुढं निघून जाईपर्यंत ते वाकलेलेच असायचे. रंकाळ्यावर ओळखीची माणसं भरपूर. त्यामुळं पळणं थोडं आणि लेस बांधणं फार, असा त्यांचा व्यायाम चालायचा.

तात्यांच्या बुटांना लेस नाही. पट्टी चिकटवायचे बूट आहेत. वाकलं की ती पट्टी चर्रर्र करून उचकटायची, परत दाबायची, आणि वर बघत म्हणायचं, "हल्ली लेस तरी कसल्या देत्यात."

मला लपवालपवीची चीड आहे. मी पत्रकं काढतो. फूटपाथवर कुणी टपरी टाकली, झाड रातोरात कापलं, गटाराचं पाणी तळ्यात सोडलं, की माझं पत्रक निघतं. जे सरळ सांगता येतं ते आडवळणानं का सांगावं, हा माझा सगळ्या जगाला सवाल आहे. तात्यांची डावी नडगी कित्येक महिने ठणकते आहे आणि तात्या लंगडतात. एवढंच सांगायचं. त्यासाठी बिनलेसच्या बुटाची लेस बांधत बसणारा माणूस माझ्याच भिंतीला भिंत लावून राहावा, याचा मी निषेध करत आलोय.

तात्या विजेचे मीटर वाचायचे. अख्खी नोकरी पायी केली. पेठेतला प्रत्येक जिना, प्रत्येक बोळ आणि प्रत्येक घरातलं कुत्रं त्यांना नावानिशी ठाऊक. एकदा सहज म्हणाले होते, "रिटायर झालो तवा कळलं बघ. समद्या घरात माझं जाणं हुतं, पर बोलावणं एकाचंबी न्हवतं." आणि लगेच हसले, म्हणून मीही हसलो. पायांना चालायची सवय, रिटायर झाल्यावर जायचं कुठं, म्हणून पळायला लागले. लग्न केलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, "कनेक्शनच मिळालं न्हाई."

बोलणं सगळं मीटरचं. कुणाचं पोट सुटलं की "रीडिंग वाढलंय." घरात भांडणं असली की "लोड आलाय." आणि कुणी मिसळीवर जास्तीचा कट मागितला की हमखास, "वापर आज, बिल म्होरल्या म्हयन्यात." स्वतःच्या नडगीला मात्र हे वाक्य त्यांनी कधी लावलं नाही.

आता खरी भानगड सांगतो. तात्या पायाळू आहेत. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसानं उसण भरलेल्या पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी आपल्याकडं समजूत. त्यामुळं तात्यांच्या बाहेरच्या सोप्यात रोज कुणी ना कुणी चटईवर पालथं पडलेलं असायचं. तालमीतला पैलवान, उचगावचा टेम्पोवाला, मशिनीवर वाकून वाकून आखडलेले आमच्या गल्लीतले शौकतभाई टेलर. एकदा जयसिंगपूरहून एक व्यापारी एसटीनं कण्हत कण्हत आला होता. तात्या पैसे घेत नाहीत, उलट चहा पाजतात. डाव्या पायावर उभं राहायचं, उजवा पाय पाठीला तीनदा लावायचा आणि म्हणायचं, "ऊठ. रीडिंग शून्य."

माणूस उठतो. उसण तशीही चार दिवसांत आपोआप उतरते, हे मी छापलेलं आहे. 'पायानं पाठ बरी होते काय? नागरिकहो, विचार करा' या मथळ्याचं पत्रक मी सगळ्यात आधी तात्यांच्या हातात दिलं होतं. त्यांनी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"चांगलं लिवलंयस. आनि हायत काय?"

"कशाला?"

"लाइनीत बसल्याल्या माणसांना वाचाय काय तरी पायजे की."

तेव्हापासून माझी पत्रकं तात्यांच्या सोप्यात, चहाच्या ट्रेशेजारी. लोक ती वाचायचे, त्यांच्यावर कप ठेवायचे आणि आपला नंबर आला की पालथे पडायचे. प्रबोधनाची एवढी विटंबना मी दुसरीकडं पाहिलेली नाही.

तर अशा माणसाची नडगी दुखायला लागली. आधी हळद झाली, मग तेल झालं, मग गगनबावड्याला कुणीतरी पाला बांधतो म्हणून तात्या तिथवर जाऊन आले. पेठेत हाडं बसवणारे पाच पावलांवर असताना गगनबावडा कशाला? तर पेठेत कुणीतरी बघितलं असतं. त्या पाल्याचा वास गल्लीभर यायचा. विचारलं की उत्तर तयार, "म्हशीजवळनं आलतो." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत बूट.

मग एक दिवस आईचा गुडघा दाखवायला मी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेलो. बाकड्यावर तात्या. विजारीचा डावा पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेला. मला बघून ताडकन उठले आणि दारामागच्या मीटरसमोर जाऊन उभे राहिले.

"मीटर बघाय आलतो."

"तात्या, तुम्ही रिटायर झालाय."

"सवय," असं म्हणून ते त्या मीटरकडंच बघत राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तेवढ्यात आतून त्यांचं नाव पुकारलं. आईनं मला कोपरानं ढोसलं, "जा की आत. एकटंच आलंय ते."

आतल्या मॅडम माझ्याच वयाच्या. नडगीचा फोटो उजेडाला धरून त्या म्हणाल्या, "काका, हाडाला बारीक चीर आहे. दुखत असताना पळत राहिलात, म्हणून भरून येत नाही. दोन महिने पळणं पूर्ण बंद. आणि या पायावर भार द्यायचा नाही. नाहीतर एक दिवस मोडेल."

तात्यांनी विजार खाली ओढली. मग हळूच विचारलं, "आनि एका पायावर उभं ऱ्हायलं तर?"

"एका पायावर कशाला उभं राहायचंय?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. सगळ्या गावाला तोंड वर करून सवाल विचारणारा मी त्या वेळी भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचत होतो.

परत आलो. आई घरात गेली तसं तात्यांनी मला गल्लीच्या तोंडाशी थांबवलं.

"कुणाला सांगू नगंस. पायाळूचाच पाय गेलाय म्हटल्यावर पेठ हसंल."

"दुखतोय तो डावा. तुम्ही लोकांना लावता तो उजवा."

"लोक काय डावा-उजवा बघत्यात? आजवर एकानं तरी इचारलं काय, बाबा, तू उभा कशावर हाईस?"

आणि माझ्या डोक्यात त्याच क्षणी मथळा तयार झाला. 'पायाळूच फिजिओथेरपीला!' इतका नेमका मथळा मला पुन्हा सुचायचा नाही. बातमी खरी, पुरावा समोर उभा, तोही लंगडत. मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटते म्हणून रागही आला. तात्यांना ते तोंडावर दिसलं असावं.

"छाप की," ते म्हणाले. "खरंच हाय न्हवं?"

"नाही छापत."

"का?"

 मी आवाज चढवला, "तुम्ही आधी ते पाय लावणं बंद करा. सरळ सांगा, माझा पाय दुखतोय."

"करतो की बंद. मग सोप्यात कोण येणार? तू?"

मला तो टोमणा वाटला. मी तणतणत घरी गेलो.

तात्यांनी काहीच बंद केलं नाही. पहाटे पळायचे, दिवसा एका हातानं खिडकीचा गज धरून डाव्या पायावर उभे राहायचे आणि 'रीडिंग शून्य' म्हणताना डोळे मिटून घ्यायचे. लोकांना वाटायचं, मंत्र म्हणतात. मग एकदा शौकतभाई चटईवर पालथे असताना गज सुटला. तात्या आडवेतिडवे शौकतभाईंच्या अंगावर.

शौकतभाई भला माणूस. बरगडी चोळत उठले आणि म्हणाले, "उसण गेली बघा तात्या. आता बरगडीचं कुणाकडं बघायचं तेवढं सांगा."

सोप्यातली सगळी हसली. तात्या हसले नाहीत. त्या संध्याकाळी ते माझ्या दारात आले. चपला न काढता उंबऱ्याबाहेरच उभे.

"एक पाटी लिवून दे. तुझं अक्षर चांगलं हाय."

मोर्च्यातला एक जुना फलक होता. त्याच्या कोऱ्या बाजूवर मी माझ्या पद्धतीनं लिहायला घेतलं, 'सर्व नागरिकांस कळविण्यात येते की, अपरिहार्य कारणास्तव सदर सेवा तात्पुरती स्थगित...'

"सेवा?" तात्या म्हणाले. "मी काय एसटी हाय? खोड त्ये."

"मग काय लिहू?"

 माझ्या ब्रशकडं बघत ते म्हणाले, "लिव. पाय बंद हाय." मग, "खाली लिव. दार उघडं हाय."

मी शुद्धलेखन न सुधारता तसंच लिहिलं. माझ्या हातून असं पहिल्यांदाच झालं.

पाटी दाराला लागली. पहिला आला तो टेम्पोवाला. कमरेवर हात ठेवून त्यानं पाटी वाचली, वरची ओळ वाचल्यावर टेम्पोकडं वळला. पैलवानानं दोन्ही ओळी वाचल्या, आत डोकावून "आराम करा तात्या" म्हणाला आणि बाहेरच्या बाहेर गेला. मध्येच वाऱ्यानं फलक उलटा व्हायचा आणि दारावर दिसायचं, 'फूटपाथ कुणाच्या बापाचा?' ते वाचून मात्र एक-दोघं थांबून हसली. आत कुणीच गेलं नाही. ट्रेमध्ये कप पालथे घालून ठेवलेले होते. सोप्यात तात्या विजेचं बिल वाचत बसले होते, स्वतःचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडून आवाज आला. चर्रर्र. बुटाची पट्टी. म्हणजे गडी निघाला. मोडणार आता ते हाड.

पळू नका म्हणून सांगितलं असतं, तर ते व्हय म्हणाले असते आणि मागच्या बोळानं गेले असते. काय करावं ते मला सुचलं नाही. एवढंच कळलं की मी त्यांच्या दारात कमरेवर हात धरून वाकलेला उभा आहे.

"तात्या, उसण भरली."

एक बूट घातलेला, एक हातात. तात्या माझ्याकडं बघतच राहिले. "तुला?"

"फार भरलीय."

"पाय बंद हाय. तूच लिवलंयस."

"बसून लावा."

"बसून चालतंय काय?"

"मला काय माहीत? पायाळू तुम्ही आहात."

तात्या विचारात पडले. "तसं कुणी कधी सांगितलं न्हाई," म्हणाले. मग खुर्ची ओढली, हातातला बूट बाजूला ठेवला, पायातलाही काढला. मी चटईवर पालथा पडलो. नाकासमोर माझंच पत्रक होतं, चहाच्या गोल डागासकट. 'नागरिकहो, विचार करा.' पाठीला तीनदा पाय लागला. अगदी हलका, झोपलेल्याला उठवू नये असा.

"रीडिंग?" वरून आवाज आला.

"शून्य नाही," मी म्हणालो. "उद्या यावं लागेल."

तेव्हापासून रोज पहाटे, त्यांच्या पळायच्या वेळेला, मी पालथा पडायला जातो. माझ्या पाठीला काहीही झालेलं नाही. खोटं बोलतो, तेही अंधश्रद्धेच्या बाजूनं, आणि गल्ली जागी व्हायच्या आत मान खाली घालून घरी येतो. मोर्च्यातल्या माझ्या सोबत्यांना हे कळलं तर मी तोंड दाखवू शकणार नाही. समोरून कुणी आलंच तर मी खाली वाकतो. माझ्या चपलेलाही लेस नाही.

परवा पाय लावून झाल्यावर तात्या म्हणाले, "लई चिवट हाय रं तुझी उसण."

"आहेच."

"माझं दोन म्हयनं सांगितल्यात बाईनं. तुझं?"

मी चटईकडं तोंड करूनच म्हणालो, "तेवढंच असेल."

 खुर्ची सरकली. "ऱ्हा पडून. च्या टाकतो," असं म्हणून तात्या उठले, आणि चुलीपर्यंत माझ्यासमोर उघड उघड लंगडत गेले.