चौदा लाखांची राखण

धनश्रीला मुए थाई, म्हणजे तिकडची लाथाबुक्क्यांची कुस्ती, शिकायला वर्षभर थायलंडला जायचं होतं, आणि व्हिसाच्या एजंटने सांगितलं होतं, खात्यात चौदा लाख रुपये तीन महिने जसेच्या तसे दिसले पाहिजेत. पांडेसऱ्यातल्या आपल्या क्लासात पोरींना कराटे शिकवून तिने साडेचार लाख साठवले होते. उरलेले साडेनऊ धुरपदाफुईने, म्हणजे तिच्या वडिलांच्या थोरल्या बहिणीने, दिले. फुईने नुकताच कडोदऱ्याचा प्लॉट विकला होता.

"खर्चाना नही ना?" फुईने तीनदा विचारलं.

"नाही गं फुई. नुसते दाखवायचे."

"मंग मी बी रोज देखसू."

बोलली तशी वागली. रोज सकाळी ती धनश्रीला कोपऱ्यावरच्या एटीएममध्ये न्यायची, पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवून शून्यं मोजायची आणि मगच चहा प्यायची. धनश्रीला वाटलं, बघू दे बिचारीला, बघण्याने काय बिघडतंय!

सत्त्याऐंशीव्या दिवशी फुईचं बोट मध्येच थांबलं. चौदा लाखांत सहाशे ऐंशी रुपये कमी होते.

"मना पैसा कोनी लिन्हात?" अशी बोंब मारतच ती बँकेत शिरली.

श्रीकांत नावाच्या अधिकाऱ्याने हिशेब काढला. "काकी, ते एटीएम दुसऱ्या बँकेचं. महिन्यातून पाच वेळा फुकट, पुढे दर वेळी बॅलन्स बघायचा चार्ज लागतो. तीन महिन्यांचा एकदम कापला गेलाय."

"म्हंजे पैसा मना, डोया मना, आनि देखाना बी पैसा?"

श्रीकांतने नाइलाजाने मान हलवली. एजंटने तर फोनवरच सांगून टाकलं, "चौदाच्या खाली गेलं ना? मग पहिल्या दिवसापासून मोजा."

धनश्री बँकेच्या पायरीवर मटकन बसली. थायलंडची शाळा उन्हाळ्यात सुरू होणार होती. चुकली तर पुढचं वर्ष. तिला रडू येत होतं आणि फुईवर ओरडावंसंही वाटत होतं. पण फुईचा उतरलेला चेहरा पाहून ती एवढंच म्हणाली, "वरून हजार टाक आणि एटीएमची पायरी चढू नकोस."

आता रोज सकाळी करायचं काय? फुई धनश्रीच्या कराटे क्लासात येऊन बसू लागली. पोरीचा पाय मोडला तर व्हिसा कुठला! धनश्रीसमोर कुणी जोरात लाथ उगारली की ती ओरडायची, "ए, हळू! साडेनऊ लाख शेतस तठे!" पोरी खो खो हसायच्या.

आठ दिवसांत बसून बसून तिचे गुडघे आखडले. ती उठली, पदर खोचला आणि शेवटच्या रांगेत उभी राहून पोरींसारख्या लाथा मारू लागली.

शाळा सुरू व्हायला दहा दिवस असताना व्हिसा आला. धनश्री पेढे आणि साडेनऊ लाखांचा चेक घेऊन फुईकडे धावली. फुईने पेढा तोंडात टाकला, चेक नीट वाचला आणि म्हणाली, "आते तू पुढे जाय. मी तीन महिनामा येस."

"कुठे?"

"थायलंडले. एजंटले इचारी उनू. वयनी अट नही शे."

धनश्रीला पेढ्याचा ठसका लागता लागता राहिला. "अगं, पण चौदा लाख लागतात!"

"साडेचार तुना बापनी दिन्हात."

वडील, सुकलाल, दारातच उभे होते. आयुष्यभर मिलमध्ये राबून जमवलेल्या पीएफला त्यांनी आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता.

"बाबा, तुम्ही दिले?"

सुकलालने बहिणीकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तू तिनी लात देखी ना? आते नही कोन म्हनी?"