दाराशी चपला

चिटणीसकाका राहायचे एकटे, पण त्यांच्या दाराबाहेर चपलांची ही रांग. कुवेतमधल्या फहाहीलच्या आमच्या इमारतीचा राखणदार, हारिस, दोनदा वर येऊन घरात किती माणसं कोंबलीत ते बघून गेला. सगळ्या चपला काकांच्याच. "दाराशी चपला असतात, तिथं माणूस राहतो," असं ते म्हणत आणि रांगेचे फोटोही काढून ठेवत.

काका मूळचे नाशिकचे, पासपोर्ट अमेरिकेचा आणि नोकरी कुवेतच्या तेलात. आम्हा बाकीच्यांना इथल्या पगारावर कर-बिर काही नाही. काकांच्या मागे मात्र न्यू जर्सी राज्य हात धुऊन लागलेलं, निदान त्यांच्या मते. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा हिशेब ते निमूट चुकता करत. राज्याचा कर मात्र टाळता येतो म्हणे. कायमचं घर कुवेतला हवं, तिकडे स्वतःचं म्हणावं असं घर नको, आणि वर्षात महिन्याहून जास्त मुक्काम नको. काका कामाला लागले. घर विकलं. लायसन्स परत केलं, वाचनालयाचं कार्डसुद्धा स्वतः जाऊन देऊन आले. मंडळाच्या गणपतीत कुणी "काका, घरी कधी जाणार?" विचारलं, की आजूबाजूला बघून म्हणत, "घर म्हणू नका. पुरावा होतो."

त्यांची मुलगी मुग्धा न्यू जर्सीतच असते. काकूंच्या माघारी तिनं वडिलांसाठी एक खोली लावली होती. काकांनी ती मोडायला लावली. खोलीत अडगळ भर, माझ्या चपला टाकून दे, असं तिला बजावून स्वतः हायवेवरच्या मोटेलात उतरू लागले. जेवायला लेकीकडे, झोपायला मोटेलात. निघताना पोरगी रडते, हेही ते आम्हाला रंगवून सांगत. आम्ही हसत असू.

यंदा नोकरी संपली, आणि नोकरीबरोबर इकामा, म्हणजे इथं राहायची परवानगीही. शेवटच्या दुपारी मी खोकी बांधायला गेलो, तर दाराबाहेर लख्ख मोकळं. मुग्धाकडेच उतरणार ना, असं मी सहज विचारलं. ते सुतळीला गाठ मारत राहिले. मग म्हणाले, मोटेल बुक केलंय.

मी म्हटलं, आता कायमचेच चाललात, आता कर काही सुटत नाही, मग मोटेल कशाला?

"कुठल्या तोंडानं सांगू तिला, खोली लाव म्हणून?" काका म्हणाले. "मीच मोडायला लावली."

त्यांचे कान लाल झाले होते. माझ्याकडे बघेनात. मलाही त्यांच्याकडे बघवेना. त्या रडण्यावर हसणाऱ्यांत मी होतोच.

तेवढ्यात मुग्धाचाच फोन आला. काकांचे हात सुतळीत गुंतलेले, म्हणून मी स्पीकर लावला. विमान कधी पोचतं ते तिनं विचारलं, त्यांनी सांगितलं, पण मोटेलचं नाव काही काढेनात. शेवटी न राहवून मीच बोललो की तुझे बाबा मोटेलात उतरणार म्हणतात.



"बाबा, मी चपला टाकल्या नव्हत्या," ती म्हणाली. "तुम्ही यायचात तेव्हा कपाटात लपवायचे. सॉरी."

सॉरी, आणि तेही तिनं म्हणावं! काकांनी मान इतकी खाली घातली की तोंड दिसेना. सुतळी तशीच हातात.

"काढून ठेव," ते कसंबसं म्हणाले. "दाराशी."