त्रेचाळिसावं जनावर

चित्रांच्या कानात बिल्ला टोचता येत नाही, ही अडचण सगळ्यात आधी उत्तरेश्वरच्या लक्षात आली. पण त्याला विचारतो कोण?

शिरूरकडच्या त्या साखर कारखान्याच्या आवारातलं कलादालन जुन्या चेअरमनसाहेबांनी हौसेनं बांधलेलं. साहेब गेले, मागून ऊस गेला, आणि यंदाच्या दुष्काळात धुराडंही पेटलं नाही. उरली त्रेचाळीस चित्रं आणि त्यांच्यावरची धूळ झटकणारा उत्तरेश्वर. त्यातलं एक चित्र त्याचं स्वतःचं होतं, काठोकाठ भरलेल्या गावतळ्याचं. साहेबांनीच ते मधल्या भिंतीवर लावलं होतं. नोंदवहीत मात्र चित्रकाराच्या रकान्यात 'स्थानिक' एवढंच लिहिलेलं. एकतीस वर्षं तो शब्द त्याला खुपत होता.

अशात वरून हुकूम आला, सगळ्या नोंदी संगणकावर घ्या. कारखान्याकडे प्रणाली एकच, आवारातल्या चारा छावणीसाठी आणलेली. दुसरी घ्यायची ऐपत नव्हती. व्यवस्थापक बद्रीनाथांनी चित्रंही तिच्यातच कोंबायला घेतली.

"जात?" बद्रीनाथांनी पडद्यावरचा रकाना वाचला.

"तैलचित्र."

"न्हाई घेत. खिल्लार टाकतो. शिंगं?"

"आवो साहेब, तळं हाय ते!"

"बिनशिंगी. दूध?"

उत्तरेश्वरने कपाळाला हात लावला. "चितारणाऱ्याचं नाव कुठं टाकायचं?"

"त्याला जागा न्हाई. 'मालक' हाय, तिथंच टाकू. पर मोबाईल नंबर लागतोय."

बाकीच्या बेचाळीस चित्रांचे चित्रकार कोण वारलेले, कोण बेपत्ता. त्यांच्यापुढं संगणकाने आपणहून 'बेवारस' लिहिलं. उत्तरेश्वरने मात्र आपला नंबर दोनदा सांगितला, तिसऱ्यांदा तपासून घेतला. पडद्यावर त्याचं पूर्ण नाव उमटलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी दालनाच्या दारात ट्रॅक्टर येऊन थांबला. त्रेचाळीस मोठ्या जनावरांचा चारा!

"साहेब, वापस धाडा की."

"वापस धाडायचा रकानाच न्हाई बे!"

शेवटी तो चारा छावणीतल्या गुरांपुढं पडला. रोज पडू लागला. महिनाभर गुरं पोटभर जेवली. कलेचा एवढा उपयोग तालुक्यात आजवर कुणी पाहिला नव्हता.

मग छावण्या बंद करायचा हुकूम आला. पावसाचा पत्ता नव्हता, पण हुकूम वेळेवर आला. उत्तरेश्वरच्या मोबाईलवर निरोप पडला, 'आपले जनावर आज सायंकाळपर्यंत घेऊन जावे.'

तो धावतच बद्रीनाथांकडे गेला. "साहेब, चित्र हाय ते, बैल न्हाई!"

"मला म्हाईत हाय. संगणकाला न्हाई. उद्या तपासणीवाले येतेत. मालक असून जनावर हितं दिसलं तर माझी नोकरी गेली."

"मग बाकीची चित्रं?"

"ती बेवारस. बेवारस जनावर संस्थेत जमा. ती ऱ्हातील भिंतीवर."

"मग मलाबी बेवारस करा, साहेब. पाया पडतो."

"तू जित्ता हायस की! नंबर कावून दिलास?"

उत्तरेश्वरने आपलं चित्र उतरवून काखेत घेतलं. मधल्या भिंतीवर नुसता खिळा राहिला. त्या खिळ्याकडे बघताना त्याला रडू आवरेना. एसटीत कंडक्टरने चित्राचं वेगळं तिकीट फाडलं.

घरी वत्सलाबाईने नवऱ्याच्या काखेतलं ते ओझं न्याहाळलं. "लई पाणी हाय की ह्यात," ती म्हणाली, आणि तिने ते उचलून अंगणातल्या पाण्याच्या टिपाडावर झाकण म्हणून ठेवलं. टँकर आठ दिवस आला नव्हता. कोरड्या टिपाडात पाली तेवढ्या पडत होत्या.

उत्तरेश्वर उंबऱ्यावर बसला. तेवढ्यात मोबाईल वाजला. 'जनावर घरी पोहोचले का? पाण्याची सोय असल्यास १ दाबा, नसल्यास २.'

दोन दाबून गावात आजवर कुणाच्या दारी टँकर आलेला नव्हता. उत्तरेश्वरने टिपाडावरच्या भरल्या तळ्याकडे एकदा पाहिलं आणि एक दाबला.