गुरुत्वाकर्षण आणि पाच सेंटिमीटर

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि नाहीच बसला तर माझी तक्रारही नाही. पण आमच्या शाळेत चौतीस वर्षांत गुरुत्वाकर्षण फक्त एकदाच बिघडलं. मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचा शिपाई होतो, म्हणजे ते माझ्याच ताब्यात होतं म्हणा ना. (ही हकीकत निघाली की आमची धाकटी सून पलीकडे कपड्यांच्या घड्या घालता घालता खोकते. दुर्लक्ष करावं.)

निसर्गाचे नियम आपोआप चालतात; गुणांचे नियम मात्र कुणीतरी बसून करावे लागतात. आमच्या सरांनी ते सतरा कलमांत करून प्रयोगशाळेच्या दारावर डकवले होते. प्रयोगवहीला तीस गुण. त्यांतले बारा कव्हराला, नऊ समासाला, सहा आकृतीतल्या लंबकाच्या गोलाईला (झाकण ठेवून काढलेला गोल चालेल) आणि दोन वही वेळेवर देण्याला. उरलेला एक प्रत्यक्ष प्रयोगाला, कारण भौतिकशास्त्र हा शेवटी प्रयोगाचा विषय आहे. कलम अकरा: 'उत्तर ९.८ यावे. न आल्यास विद्यार्थ्याने ते आणावे.'

मुलं आणत. आधी तळाशी उत्तर लिहीत, मग गणित करत करत वर चढत आणि निरीक्षणांपर्यंत पोचत. स्टॉपवॉच बंद पडल्याचं सहा वर्षं कुणाला कळलं नाही. त्या सहा वर्षांचे निकाल शाळेच्या इतिहासात सर्वांत अचूक आहेत.

आणि मग ती शिंप्याची मुलगी आली. तिने बापाचं मनगटी घड्याळ आणलं, लंबकाचा दोरा प्रयोगशाळेच्या लाकडी पट्टीने दोनदा मोजला (शिंप्याचं रक्त!) आणि वीस-वीस झोके दहा वेळा मोजले. उत्तर आलं १०.३. बरं, आलं तर आलं. बाईसाहेबांनी ते शाईने लिहिलं.

सर म्हणाले, "पृथ्वी चुकली की तू?"

"सर, मी दहादा मोजलंय."

"म्हणजे दहादा चुकलीस."

कलम चौदाप्रमाणे वही नापास झाली की वार्षिक परीक्षेला बसता येत नसे. आणि इकडे बापाने पोरीच्या कॉलेजच्या पहिल्या दिवसाचा ड्रेस बेतून ठेवलेला. फक्त बाह्या जोडायच्या राहिल्या होत्या.

मुख्याध्यापकांनी समिती नेमली. पोरीने लंबक टांगला होता त्या कोपऱ्यात समितीने अकरा खडू टाकून पाहिले. अकराही खाली पडले, ही बाब गंभीर मानण्यात आली. वजनकाटा आणला, तर मुख्याध्यापक त्या कोपऱ्यात पाच टक्क्यांनी जड भरले. त्यांनी तो कोपरा तत्काळ बंद केला आणि घरी जाऊन जेवणही अर्ध्यावर आणलं. पोरगी खांबाला टेकून उभी. डोळ्यांत पाणी, पण उत्तर खोडायला तयार नाही.

तेव्हा मी पुढे झालो. म्हटलं, "साहेब, पृथ्वीला सोडा, पट्टी बघा!" बघतात तो काय, पट्टीचे सुरुवातीचे पाच सेंटिमीटर गायब! (लाकूड आहे, काळाच्या ओघात झिजतं.) नव्या पट्टीने मोजलं, उत्तर ९.८. सरांनी मला मिठी मारली, सतराही कलमं दारावरून फाडली आणि पोरीला तीसपैकी एकतीस गुण दिले.

एवढं सांगून मी ओसरीवर जमलेल्या मंडळींकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना हलत होत्या. घड्या थांबल्या होत्या.

"मामंजी," सून म्हणाली, "तो तुकडा झिजला नव्हता. तुमचं स्टूल डुगडुगायचं, त्याच्या पायाखाली होता. पाच सेंटिमीटर, आकड्यांसकट. खांबाला टेकून मी त्याच्याकडेच बघत होते."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलण्याला गुण कुठे होते? आणि मिठी कसली मारली सरांनी! तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, 'पोरी, ९.८ लिही आणि घरी जा.' मी लिहिलं. कव्हराचे बारा मिळाले, समासाचे नऊ मिळाले, बाबांनी बाह्या जोडल्या." तिने माझा सदरा झटकून घडी घातली आणि मंडळींकडे वळली. "आणि तुम्ही सगळे दात काय काढताय? सांगा बघू एकेकाने, तुमच्या वहीत किती आलं होतं?"