गळकी गुहा

"हे बघ आत्या, यात चित्रं नाहीत. गुहेत काय आहे ते गेम लिहून सांगतो आणि काय करायचं ते आपण टाइप करायचं. उत्तरेला खजिना आहे. बस, एवढंच!"

भाच्याने वर्षभर रक्ताचं पाणी करून हा गेम लिहिला होता. आज साहेब स्वतः घरी येऊन तो खेळणार होते; पसंत पडला नाही, तर नोकरीला रामराम. कॉम्प्युटरचा गंध नसलेल्या माणसालाही खेळता येतो का, हे बघायला त्याने आत्याला बसवलं आणि तिथेच चुकला.

आत्याने चष्मा सावरून वाचलं, "तुम्ही गुहेत आहात. छतातून पाणी ठिबकत आहे." तिने लगेच लिहिलं, "पाण्याखाली बादली ठेव."

"इथे पाणी नाही," गेमचं उत्तर आलं.

"नाही?" आत्या उसळली. "आत्ता हाच मेला म्हणाला ना, ठिबकतंय म्हणून? तोंडावर खोटं बोलतो!"

"अगं, ते नुसतं वर्णन आहे. त्याला पाणी शिकवलेलंच नाही. तू उत्तरेला जा ना!"

"गळती तशीच टाकून? मी नाही जात."

भाच्याने दातओठ खात गेमला पाणी शिकवलं. मग बादली शिकवावी लागली. बादली भरली, तर ओतायला मोरी हवी. मोरी झाली, तर छत बघायला शिडी हवी. शिडीचं काही केल्या जमेना, तेव्हा वैतागून आत्याने लिहिलं, "सगळं उचल."

"बादली घेतली. शिडी घेतली. छत घेतलं," गेमने निमूटपणे कळवलं.

"छत कशाला घेतलंस, मूर्खा?"

"तू सगळं म्हणालीस, त्याने सगळं उचललं! त्याला अक्कल नसते, आत्या!"

"त्याला नसते. तुला होती ना?"

भाचा यावर तोंड उघडणार, तोच बेल वाजली. साहेब थेट खुर्चीत बसले आणि मोठ्याने वाचू लागले, "तुम्ही गुहेत आहात. छत तुमच्या हातात आहे."

भाचा घाईने पुढे झाला. "साहेब, तुम्ही फक्त 'उत्तरेला जा' लिहा. खजिना तिकडे—"

"अहो, पण हे छत?"

"तेच म्हणते मी!" आत्याने आपली खुर्ची पुढे ओढली. "आधी शिडी लावा. तुमच्याकडे गळतं का हो?"

"बाथरूममध्ये. वरचे लोक ऐकतच नाहीत," साहेब कळवळून म्हणाले.

भाच्याने घाईघाईत गेमला शिडी लावायला आणि फट शिकवली; साहेब आणि आत्या दोघांनी मिळून छत बसवलं, फट बुजवली. "पाणी थांबलं," असं पडद्यावर उमटताच साहेबांनी टाळी वाजवली. "फक्कड! गेम घेतला आम्ही."

भाच्याचा जीव भांड्यात पडला. "आता तरी उत्तरेला जा ना, साहेब," तो काकुळतीला आला.

साहेब गेममध्ये उत्तरेला गेले. सोन्याचा ढीग बघून आल्या पावली परतले.

"तो खजिना तेवढा काढून टाका," ते म्हणाले. "उगाच कामात मध्ये येतो."